एकाच नाकपुडीतून रक्त येते तेव्हा

उन्हाळ्यात घोळणा फुटला की डोक्यावर गार पाणी थापतात, कांदा हुंगायला देतात. थोड्या वेळाने रक्त थांबते आणि 'उष्णता झाली' म्हणून विषय संपतो. बहुतेक वेळा त्यात काळजीचे कारणही नसते. परंतु रक्त पुन्हा पुन्हा एकाच नाकपुडीतून येत असेल आणि तीच नाकपुडी सतत चोंदलेली राहत असेल, तर उन्हाळ्याला दोष देऊन थांबू नये. त्यामागे ऱ्हायनोस्पोरिडिओसिस हा जुनाट रोग असू शकतो.

या रोगाचे सर्वाधिक रोगी भारत व श्रीलंका या दोन देशांत आढळतात. आपल्याकडे तामिळनाडू, केरळ, छत्तीसगड आणि पश्चिम बंगाल येथे तो विशेष दिसतो. तळ्यात डुंबणारे, गुरे धुणारे, नदीतील वाळू काढणारे यांना तो अधिक होतो. नाकाच्या आतील नाजूक त्वचेला ओरखडा पडला की त्यातून रोगजंतू आत शिरत असावेत, असे मानले जाते. मात्र एका माणसापासून दुसऱ्याला हा रोग झाल्याचे दिसत नाही. त्यामुळे रोग्याला वेगळे ठेवण्याचे काहीच कारण नाही.

नाकात मऊ, लालबुंद, पिकलेल्या तुतीसारखी खडबडीत गाठ वाढते. तिच्यावर बारीक पांढरट ठिपके असतात. ती सहसा दुखत नाही, म्हणूनच दुर्लक्ष होते. पण जरा धक्का लागला तरी भळभळून रक्त येते. नाकातील साधा पॉलिप फिकट व गुळगुळीत असतो, त्यातून असे रक्त येत नाही. कधी कधी अशीच गाठ पापणीच्या आतही होते.

ते पांढरट ठिपके म्हणजेच या रोगाची खूण. सूक्ष्मदर्शकाखाली तेथे जाड कवचाच्या गोल पिशव्या दिसतात आणि पक्व पिशवीत हजारो बीजाणू भरलेले असतात. पिशवी फुटली की ते आसपास पसरतात. अर्जेंटिनातील गिलेर्मो सेबेर यांनी १९०० साली या रोगाचे वर्णन केले. पुढे बरीच वर्षे हा जंतू बुरशी समजला गेला. १९९० नंतरच्या जनुकीय अभ्यासात मात्र तो माशांच्या काही परजीवींचा नातलग ठरला. प्रयोगशाळेत तो नेहमीच्या पद्धतीने वाढवता येत नाही. म्हणून काढलेल्या गाठीची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी हाच निदानाचा भरवशाचा मार्ग आहे.

नाकात घालायच्या थेंबांनी ही गाठ विरत नाही. शस्त्रक्रियेने ती मुळासकट काढून बुडाची जागा विद्युत उपकरणाने जाळावी लागते. तरीही मागे राहिलेल्या बीजाणूंमुळे ती पुन्हा उगवू शकते. ते टाळण्यासाठी डॉक्टर काही रोग्यांना डॅप्सोन हे औषध बरेच महिने देतात. ते स्वतःच्या मनाने घेऊ वा सोडू नये. घरी गाठ ओढण्याचा किंवा दोऱ्याने बांधण्याचा प्रयत्न करू नये. शस्त्रक्रियेनंतर नाक मोकळे झाले, तरी डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखांना तपासणी करून घ्यावी.