विश्लेषण : पहिल्या पावसानंतर सिॲटलचे सॅमन मासे का मरत होते? टायरच्या झिजेचा माशांशी काय संबंध?

पाण्यातील प्लास्टिक म्हटले की पिशव्या आणि बाटल्या डोळ्यांसमोर येतात. मात्र गोड्या पाण्यातील माशांच्या थेट मृत्यूचा एक अत्यंत ठोस पुरावा गाडीच्या टायरमध्ये सापडला. हा शोध कसा लागला आणि महाराष्ट्राने त्याकडे का पाहायला हवे, याविषयी…

नेमके काय घडत होते?

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील सिॲटल शहरात १९९०च्या दशकात ओढ्यांचे पुनरुज्जीवन सुरू झाले. गाळ निघाला, काठावर झाडे लागली आणि समुद्रातून कोहो सॅमन मासे पुन्हा अंडी घालायला ओढ्यांत येऊ लागले. कोहोचा जन्म गोड्या पाण्यात होतो, वाढ समुद्रात होते आणि अंडी घालण्यासाठी तो पुन्हा गोड्या पाण्यात परततो. अंडी घातल्यावर त्याचा मृत्यू होणे नैसर्गिक असते. इथे मात्र मासे अंडी घालण्याआधीच मरत होते. शरद ऋतूतील मोठी सर आली की काही तासांतच मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत, तोल जाऊन गोल फिरत आणि मरत. मेलेल्या माद्यांच्या पोटात अंडी तशीच असत. काही ओढ्यांत परतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मासे असे दगावत होते.

कारण कसे सापडले?

संशयाची सुई रस्त्यावरून वाहून येणाऱ्या पाण्याकडे होती. कीटकनाशके, जड धातू, इंधनाचे अंश असे एकेक संशयित तपासून बाद झाले. अखेर वॉशिंग्टन विद्यापीठ आणि वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी टायरचा कीस पाण्यात भिजवला. त्या पाण्यात मासे मेले. मग त्यातील दोन हजारांहून अधिक रसायने गटागटाने वेगळी करत, प्रत्येक गटाची माशांवर चाचणी घेतली गेली. शेवटी उरलेल्या रेणूचे सूत्र होते १८ कार्बन, २२ हायड्रोजन, २ नायट्रोजन आणि २ ऑक्सिजन. टायरमध्ये मुळात असा घटक नव्हता. पण कार्बन आणि नायट्रोजनची हीच संख्या असलेला एक घटक होता, ‘६पीपीडी’. डिसेंबर २०२० मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला.

हे रसायन टायरमध्ये असते कशाला?

हवेतील ओझोनमुळे रबराला तडे जातात. ते टाळण्यासाठी ६पीपीडी मिसळतात. ते स्वतः ओझोनशी संयोग पावते आणि रबर वाचवते. या क्रियेतून जे तयार होते ते ‘६पीपीडी-क्विनोन’, म्हणजेच माशांचा मारेकरी. ते काढून टाकले तर टायर तडकून फुटण्याचा धोका वाढतो. त्यामुळे नुसती बंदी घालून हा प्रश्न सुटत नाही.

टायरचा कण हे प्लास्टिक कसे?

पाच मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिक कणांना ‘मायक्रोप्लास्टिक’ म्हणतात. टायरमध्ये नैसर्गिक रबराबरोबर खनिज तेलापासून बनवलेले कृत्रिम रबरही असते. म्हणूनच टायरच्या झिजेची गणना मायक्रोप्लास्टिकमध्ये केली जाते. गुळगुळीत झालेला टायर आपण बदलतो, पण झिजलेले रबर रस्त्यावरच राहते आणि पावसात गटारामार्गे नदीत जाते. इलेक्ट्रिक गाडी धूर सोडत नाही, टायर मात्र तिचेही झिजतात.

किती विष पुरते?

२०२२ मधील सुधारित मोजणीनुसार एक लिटर पाण्यात ९५ नॅनोग्रॅम क्विनोन असेल, तर २४ तासांत कोहोची निम्मी पिल्ले मरतात. हिशेब करायचा तर २५ लाख लिटरच्या ऑलिम्पिक जलतरण तलावात पाव ग्रॅमहूनही कमी!

इतर माशांचे काय?

हा धोका सर्वांना सारखा नाही. त्याच ओढ्यांतील चम सॅमन तगतो. रेनबो ट्राउट आणि ब्रुक ट्राउट मात्र संवेदनशील आहेत. यातील रेनबो ट्राउटचे पालन हिमाचल प्रदेश, जम्मू-काश्मीर आणि सिक्कीममध्ये होते.

अन्य प्लास्टिक कणांचा परिणाम सहसा संथ असतो. २०१३ मधील प्रयोगात दोन महिने प्लास्टिकयुक्त खाद्य दिलेल्या मेडाका माशांच्या यकृतावर ताण दिसला. झेब्रा माशांत पाच मायक्रॉनचे कण कल्ले आणि आतड्यांबरोबरच यकृतातही पोहोचले. अर्थात, अशा अनेक प्रयोगांतील कणांचे प्रमाण नदीतील प्रमाणापेक्षा बरेच जास्त असते. कोहोच्या बाबतीत मात्र ओढ्यातच घातक मात्रा आढळली. या प्रकरणाचे वजन त्यामुळेच अधिक आहे.

उपाय काय?

एक उपाय साधा आहे. महामार्गावरचे दूषित पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळल्यावर त्यात सोडलेले कोहो जगले. न गाळलेल्या पाण्यातले मेले. दुसरा उपाय उत्पादनाच्या पातळीवरचा. कॅलिफोर्नियाने १ ऑक्टोबर २०२३ पासून ६पीपीडीयुक्त टायर बनवणाऱ्यांना सुरक्षित पर्याय तपासणे बंधनकारक केले. आदिवासी समुदायांच्या अर्जानंतर अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नोव्हेंबर २०२३ मध्ये नियमनाची प्रक्रिया सुरू करण्याचे मान्य केले.

महाराष्ट्राचा संबंध काय?

६पीपीडी जगभरातील टायरमध्ये वापरले जाते. मुंबई-गोवा महामार्ग सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी या नद्या ओलांडतो. कोकणात मृगाच्या पहिल्या पावसात मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढतात. हीच ती वलगण. आणि आठ महिने साचलेली टायरची धूळ रस्त्यावरून धुऊन निघते, तीही याच पावसात. आपले चढणीचे मासे सॅमनच्या कुळातले नाहीत, त्यामुळे कोहोचे निष्कर्ष त्यांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण वेळ तीच आहे, वाट तीच आहे.

राज्यात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे. ती हवीच, पण टायरच्या धुळीला ती लागू पडत नाही. पहिल्या पावसाच्या पाण्याची तपासणी आणि गटार थेट नदीत सोडण्याआधी वाळू-कंपोस्टचा गाळणथर, ही दोन कामे रस्ते बांधणीच्या निविदेतच घालता येतील. महामार्गावर कोट्यवधी खर्च होत असताना हा खर्च मोठा नाही. सिॲटलने ओढे आधी सुंदर केले आणि पाणी नंतर तपासले. नदी सुशोभीकरणाचे आराखडे आखणाऱ्या आपल्या शहरांनी तरी हा क्रम उलटा ठेवावा.