तर-तम आणि ‘पेक्षा’

मराठीतील तुलनेचा विषय व्याकरणाच्या अध्यापनात पुष्कळदा ‘उच्च, उच्चतर, उच्चतम’ अशा एका तक्त्याने निकालात काढला जातो. संस्कृताच्या दृष्टीने हा तक्ता निर्दोष आहे. मराठीच्या दृष्टीने तो दिशाभूल करणारा आहे. संस्कृतात तुलनेचा भार विशेषणाला लागलेला प्रत्यय वाहतो. मराठीत विशेषण आहे तसेच राहते आणि ज्याच्याशी तुलना करावयाची त्या नामाकडे हा भार जातो. ‘गंगा गोदावरीपेक्षा लांब आहे’ या वाक्यात ‘लांब’ या शब्दाला काहीही झालेले नाही. तेथे ‘अधिक’ घातले तरी चालते. न घातल्याने अर्थ उणा पडत नाही.

याची साक्ष नागपूरकर अभ्यासकाला दूर शोधावी लागत नाही. १९५६ पर्यंत हे शहर हिंदी आणि मराठी अशा द्विभाषिक प्रांताची राजधानी होते, आणि दोन्ही भाषांची परिभाषा आजही येथे शेजारी शेजारी नांदते. हिंदीने ‘उच्चतर माध्यमिक’ आणि ‘उच्चतम न्यायालय’ हे शब्द स्वीकारले. मराठीने ‘उच्च माध्यमिक’ आणि ‘सर्वोच्च न्यायालय’ हे रूढ केले. एका ठिकाणी मराठीला प्रत्ययाची गरज भासली नाही, तर दुसऱ्या ठिकाणी तिने ‘सर्व’ या शब्दाने समूहाचाच निर्देश केला. दोन्ही शब्द तत्समच आहेत. त्यांची निवड मात्र मराठीच्या प्रकृतीला धरून झाली आहे.

बंगालीची तुलना येथे उद्बोधक ठरते. तिच्यातही ‘तर’, ‘तम’ ही रूपे ग्रांथिक भाषेत आढळतात. परंतु चालू वाक्यात तुलना होते ती ‘चेये’ या शब्दाने. ‘पाहणे’ आणि ‘इच्छिणे’ असे दोन्ही अर्थ असलेल्या क्रियापदाचे ते रूप आहे. मराठीचा ‘पेक्षा’ ज्या ‘अपेक्षा’ शब्दापासून आला, त्याच्याही मुळाशी पाहण्याच्या अर्थाचा ‘ईक्ष्’ हा धातू आहे. एका भाषेने संस्कृत नाम घेतले, दुसरीने आपले क्रियापद. तुलना म्हणजे एका वस्तूकडे पाहून दुसरीविषयी बोलणे, ही जाण दोहोंतही आहे. पराकोटी दाखविताना मात्र वाटा भिन्न होतात. बंगाली ‘सबचेये’ म्हणजे ‘सर्वांपेक्षा’. मराठी बहुधा ‘सर्वांत’ म्हणून समूहातून एकाची निवड करते. ‘मोठ्यात मोठा’, ‘कमीत कमी’, ‘लवकरात लवकर’ या रचनांतही हीच सप्तमी आहे. सरकारी अर्जातसुद्धा कोणी ‘शीघ्रतम’ उत्तराची विनंती करीत नाही.

‘महत्तम’, ‘प्रियतम’, ‘गुरुतर’ हे शब्द शिष्ट मराठीत आहेतच, असा आक्षेप यावर घेतला जाईल. ते आहेत, पण तयार शब्द म्हणून आले आहेत. ‘गोड’ किंवा ‘लांब’ यांना ‘तर’ जोडता येत नाही, यावरून तो मराठीत जिवंत प्रत्यय नाही हे सिद्ध होते. म्हणूनच ‘श्रेष्ठ’ हे मूळचे तमभाववाचक असल्याने ‘अधिक श्रेष्ठ’ अशुद्ध, हा शुद्धिवाद्यांचा निर्णयही टिकत नाही. मराठीत ‘श्रेष्ठ’, ‘ज्येष्ठ’, ‘कनिष्ठ’ ही साधी विशेषणे झाली आहेत. ‘ज्येष्ठ नागरिक’ म्हणजे सर्वांत वृद्ध नागरिक नव्हे. शिवाय खुद्द यजुर्वेदाच्या आरंभीच ‘श्रेष्ठतम’ हे रूप येते.

प्रश्न केवळ परिभाषेचा नाही. तक्ता पाठ केलेला विद्यार्थी मराठी विशेषणात नसलेले रूप शोधत राहतो आणि वाक्यात असलेली रचना त्याच्या नजरेतून निसटते. प्रश्नपत्रिकेत तर-तम रूपे विचारण्याऐवजी ‘पेक्षा’, ‘हून’ आणि ‘सर्वांत’ यांच्या प्रयोगातील भेद विचारला गेला, तर मराठीच्या विद्यार्थ्याला निदान मराठीचे व्याकरण शिकता येईल.