शिंजिरासाठी बाटली टांगावी की फुलझाड लावावे?



गेल्या काही वर्षांत आपल्या घरांच्या गॅलरीत एक नवी वस्तू दिसू लागली आहे. खाली लाल तबकडी, तबकडीला फुलांच्या आकाराची चार छिद्रे आणि वर साखरपाण्याने भरलेली बाटली. तिला 'हमिंगबर्ड फीडर' म्हणतात. कोणाच्या अमेरिकेत राहणाऱ्या लेकीने ती भेट म्हणून आणलेली असते, तर कोणी मोबाइलवर चित्र पाहून मागवलेली असते. वस्तू देखणी आहे आणि ती टांगण्यामागची भावना त्याहून देखणी आहे. तथापि खिळा ठोकण्यापूर्वी दोन प्रश्न स्वतःला विचारावेत. हे पेय आपण कोणासाठी ठेवीत आहोत? आणि त्यासोबत येणारे रोजचे काम आपल्याकडून निभावेल का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळांना चकित करील. हमिंगबर्ड भारतात नाही. त्याच्या साडेतीनशेहून अधिक जाती आहेत आणि त्या साऱ्या केवळ उत्तर व दक्षिण अमेरिका खंडांत आढळतात. आपल्या गॅलरीत जास्वंदीवर येऊन 'च्विट्-च्विट्' करणारा, लांब बाकदार चोचीचा इवलासा पक्षी हा शिंजीर होय. त्याला सूर्यपक्षी असेही म्हणतात. हमिंगबर्डचे जवळचे आप्त म्हणजे पाकोळ्या. शिंजीर हा फांदीवर बसणाऱ्या गाणाऱ्या पक्ष्यांच्या कुळातला. दोघांचा व्यवसाय मात्र एकच, फुलांतला रस पिण्याचा. म्हणून दोघांकडे लांब चोच आणि नळीसारखी जीभ ही हत्यारेही सारखीच आली.

नवी मुंबईत दोन शिंजीर सहज दिसतात. जांभळा शिंजीर विणीच्या काळात दुरून काळा वाटतो. त्याच्यावर ऊन पडले की निळ्या-जांभळ्या रंगाची धातूसारखी चमक उठते. जांभळ्या पाठीच्या शिंजिराचे पोट पिवळे, गळा जांभळा आणि पाठ तपकिरी-लाल असते. दोघांच्याही माद्या फिकट, साध्या रंगाच्या असतात. पनवेलजवळच्या कर्नाळा अभयारण्यात गेल्यास लाल पाठीचा सह्याद्रीचा शिंजीरही भेटू शकतो. लांबी जेमतेम १० सेंटिमीटर आणि वजन सराफाच्या तराजूतल्या १० ग्रॅमच्या मापाहूनही कमी. एवढ्या लहान देहात चूक पचवण्याची ताकद फारशी नसते. मोठ्या पक्ष्याला न बाधणारी गोष्ट याच्या जिवावर बेतू शकते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. शिंजीर केवळ गोड रसावर जगत नाही. तो कोळी आणि बारीक कीटकही टिपतो, आणि पिल्लांचे पोषण तर मुख्यतः त्यांवरच होते. रसातून उडण्यापुरती शक्ती मिळते, शरीर घडत नाही. म्हणजे आपण टांगलेली बाटली हे त्याचे जेवण नव्हे, फार तर वाटेवरची पाणपोई होय. पाणपोई चालविणाऱ्याने रांजण घासला नाही, तर पुण्य दूरच राहते आणि वाटसरू आजारी पडतो.

दुसरा प्रश्न येथेच उभा राहतो. पक्ष्यांना दाणापाणी देणे हा आपल्या घरांतला जुना संस्कार आहे. २०२५ साली दादरच्या कबुतरखान्यावरून जो वाद झाला, त्यात आपल्यापैकी अनेकांची मने दुखावली. तो वाद येथे पुन्हा मांडण्याचे कारण नाही. त्यातून पुढे आलेला एक प्रश्न मात्र प्रत्येक घराने शांतपणे विचारात घेण्यासारखा आहे: आपण दिलेल्या अन्नाचा त्या जीवावर आणि भोवतालच्या जीवांवर पुढे काय परिणाम होतो? दशवैकालिक सूत्राच्या चौथ्या अध्ययनात साधूने चालणे, उभे राहणे, बसणे, निजणे, खाणे आणि बोलणे या साऱ्या क्रिया जयणेने कराव्यात असे सांगितले आहे. श्रावकाच्या दानालाही तोच निकष लावला, तर बाटली टांगण्याची रीत आपोआप ठरते.

बाटली निवडताना प्रथम तिची घडण पाहावी. उलटी टांगायची उभी बाटली उन्हात ठिबकते, कारण आतली हवा तापून फुगते आणि साखरपाण्याला छिद्रातून बाहेर ढकलते. ठिबकले की मुंग्या आल्या, आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर चिकट डागही पडले. त्यापेक्षा पसरट डब्यासारखी, झाकणात छिद्रे असलेली घडण चांगली. तिच्यात पाणी छिद्रांच्या खाली राहते. दुसरे, तिला बसण्यासाठी दांडी हवी. हमिंगबर्ड हवेत स्थिर राहून रस पितो, म्हणून परदेशी बनावटीच्या काही बाटल्यांना दांडी नसते. शिंजिराला क्षणभर तरंगता येते, परंतु त्याची रीत बसून पिण्याची आहे. तिसरे, तिचा प्रत्येक भाग सुटा होऊन आत हात किंवा ब्रश पोचला पाहिजे. जी वस्तू पूर्ण उघडत नाही, ती कितीही सुंदर असली तरी घेऊ नये. चौथे, आकार लहान असावा. मोठ्या बाटलीतले पाणी संपत नाही, ते फक्त शिळे होते.

साखरपाण्याचे प्रमाण सोपे आहे. १ वाटी साध्या पांढऱ्या साखरेला ४ वाट्या पाणी. पाणी उकळून त्यात साखर विरघळवावी आणि पूर्ण थंड झाल्यावरच भरावे. रंग मुळीच घालू नये. तबकडीचा लाल रंग पक्ष्याला बोलावण्यास पुरेसा असतो. गूळ किंवा तपकिरी साखर नको, कारण त्यांतील लोह या पक्ष्यांना बाधते. साखरेऐवजी वापरायच्या गोळ्या नकोत. त्यांत गोडी असते, पण शक्ती नसते. मध तर नकोच. आपल्या घरांत तो वर्ज्य आहेच. पक्ष्याच्या दृष्टीनेही पाण्यात मिसळलेला मध लवकर आंबतो आणि त्यात बुरशी वाढते.

उकळलेल्या पाण्यालाही कालमर्यादा असते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. साखरपाण्याचे तसेच, किंबहुना अधिक कडक. नवी मुंबईच्या दमट उकाड्यात ते पाहता पाहता गढुळते आणि त्यात सूक्ष्म जीवांची उत्पत्ती होते. म्हणून ते रोज बदलावे. बाटली रोज गरम पाण्याने आणि ब्रशने धुवावी, साबण वापरल्यास त्याचा अंशही राहू देऊ नये. छिद्रांच्या कडेला काळा ठिपका दिसला, तर तो धुऊन निघेपर्यंत बाटली पुन्हा टांगू नये. आदल्या दिवशीचे उरलेले पाणी ताज्यात मिसळण्याची काटकसर येथे करू नये.

मुंग्यांचा प्रश्न आपल्याला विशेष जाचतो. परदेशात बाटलीच्या वर पाण्याने भरलेली वाटी अडकवतात, म्हणजे मुंग्या खाली उतरू शकत नाहीत. त्या वाटीत मुंग्या बुडून मरतात. एका जीवाला पाजण्यासाठी शंभर जीव बुडवणे हा हिशेब आपल्याला जमणारा नाही. तारेला तेल किंवा ग्रीस लावणेही टाळावे. त्यात मुंग्या चिकटतात आणि पक्ष्याची पिसे माखली तर ती त्याला साफ करता येत नाहीत. त्याऐवजी न ठिबकणारी बाटली घ्यावी, भरल्यावर ती बाहेरून ओल्या फडक्याने पुसावी, ग्रिलला न बांधता छताच्या हुकाला बारीक दोरीने टांगावी आणि भिंतीपासून किंवा वेलीपासून अंतर ठेवावे. तरीही रांग लागलीच, तर मुंग्या हलक्या हाताने झटकून बाटली दोन दिवस उतरवून ठेवावी आणि मग जागा बदलावी.

जागा सावलीची असावी. खिडकीच्या काचेपासून ती हातभर अंतरावर असली तर बरे. उडताना वेग धरण्याइतके अंतर नसल्याने पक्षी काचेवर जोराने आदळत नाही. मांजराची झेप पोचेल अशी जागा नको. शिंजीर दिवसाच खातो, म्हणून सूर्यास्ताला बाटली आत घ्यावी आणि सकाळी धुऊन, भरून पुन्हा टांगावी. रात्रभर टांगलेल्या गोड पाण्यावर पक्षी येत नाही. येतात ते कीटक, आणि तेच त्यात पडून मरतात.

इतके वाचून काही वाचकांच्या मनात येईल की सकाळी दुकान, दुपारी बाजार आणि संध्याकाळी प्रतिक्रमण, यात हे रोजचे घासणे कोण करणार? प्रश्न रास्त आहे. घरात हे काम मनापासून अंगावर घेणारे कोणी असेल, आजोबा असोत की शाळकरी नात, तर बाटली अवश्य टांगावी. सुटीत गावी किंवा यात्रेला निघताना ती उतरवून, धुऊन, कोरडी करून ठेवावी. आपण गेल्यावर शिंजीर उपाशी राहील ही चिंता नको. तो आपली फुले आणि आपले कीटक शोधतोच. बाटली विसरून तशीच लटकत राहिली, तर मात्र अपाय होतो. असे नित्य काम निभावणारे कोणी नसेल, तर बाटलीपेक्षा चांगला मार्ग उपलब्ध आहे, तो म्हणजे फुलझाडाचा.

झाडाला रोज घासावे लागत नाही. त्याचा रस दर सकाळी ताजा असतो. त्यावर बारीक कीटकही येतात, म्हणजे पिल्लांच्या पोषणाचीही सोय होते. शिंजीर रस पिताना कपाळाला परागकण लावून दुसऱ्या फुलाकडे नेतो, त्यामुळे झाडालाही त्याचा मोबदला मिळतो. बाटलीच्या व्यवहारात ही देवघेव नसते.

गॅलरीत रोज चार-पाच तास ऊन येत असेल, तर १४ इंची कुंडीत हमेलिया लावावा. त्याची केशरी-लाल नळीदार फुले आपल्याकडे जवळजवळ वर्षभर येतात. हे झाड मूळचे अमेरिका खंडातले, तेथे त्यावर हमिंगबर्ड येतात. आता आपल्या सोसायट्यांच्या कुंपणांवर त्याच फुलांतून शिंजीर रस पितात. जोडीला साधी, एकेरी पाकळ्यांची लाल जास्वंद असावी. शिंजीर कधीकधी समोरून न पिता फुलाच्या बुडाशी चोचीने भोक पाडतो. ती त्याची युक्ती आहे, फुलाची नासाडी समजून त्याला हाकलू नये. सोसायटीच्या आवारात जागा असेल, तर समितीपुढे पांगारा किंवा पळस लावण्याचा प्रस्ताव ठेवावा. हिवाळा सरता सरता ही झाडे फुलली की शिंजिरांची दिवसभर ये-जा चालते. या झाडांवर कीटकनाशक फवारू नये. काही औषधे झाडाच्या अंगात भिनून फुलातल्या रसापर्यंत पोचतात.

झाड लावले की एखाद्या वर्षी घरटेही होईल, मग ते कुंडीतल्या वाळक्या फांदीला असो, दिव्याच्या वायरीला असो की दारावरच्या जुन्या तोरणाला. गवत, काड्या, सालींचे तुकडे कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी बांधून केलेली ती लोंबती पिशवी अनेकदा कचरा समजून झाडूने काढली जाते. झाडण्यापूर्वी नीट पाहावे. घरटे विणण्यापासून पिल्ले उडेपर्यंतचे सारे काही काही आठवड्यांत आटोपते. तेवढे दिवस त्या कोपऱ्यातली रंगरंगोटी पुढे ढकलावी, फांदी छाटू नये, छायाचित्रासाठी वारंवार जवळ जाऊ नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार पक्ष्यांची अंडी फोडणे किंवा घरटे विस्कटणे हेही शिकारीतच मोडते. नर शिंजीर या काळात काचेतल्या आपल्याच प्रतिबिंबाला प्रतिस्पर्धी समजून तासन्‌तास चोची मारतो; त्या काचेवर बाहेरून एक जुना पडदा टाकला की त्याचा त्रास संपतो. सर्व दानांत अभयदान श्रेष्ठ म्हटले आहे, आणि या दानाला तर बाटली, साखर, पैसा यांपैकी काहीच लागत नाही.

तेव्हा ज्यांना रोजचे काम निभावता येईल, त्यांनी पसरट, लहान, पूर्ण उघडणारी बाटली आणावी आणि ती देवघरातल्या भांड्याइतकी स्वच्छ ठेवावी. बाकीच्यांनी या पावसाळ्याच्या आरंभी हमेलियाची एक कुंडी भरावी. ज्यांच्या घरी बाटली आधीच टांगलेली आहे, त्यांनी हा अंक बाजूला ठेवून ती एकदा उतरवून आतून पाहावी.