लेख दुसऱ्याचा, लिंक आपली: बॅकलिंकच्या धंद्यात काय चालतं?

जुलै २०२४ मध्ये क्रिस्टिना वॉरेन यांना कळलं, की एका वेबसाइटवर त्यांच्या नावाने नवे लेख येतायत. त्यांनी ते लिहिलेच नव्हते. साइट होती 'द अनऑफिशियल ॲपल वेबलॉग'. २००४ मध्ये सुरू झालेली ही साइट एओएलने २०१५ मध्ये बंद केली होती, आणि क्रिस्टिना यांनी तिथलं काम त्याच्याही आधी सोडलं होतं. झालं असं, की डोमेन नव्या मालकाच्या हातात गेलं. जुने लेख एआयकडून फिरवून लिहून घेतले गेले आणि त्यावर जुन्या लेखकांची खरी नावं चिकटवली गेली. फोटो मात्र खोटे! आरडाओरडा झाल्यावर नावं बदलली, तीही बनावट.

मेलेल्या साइटवर एवढा खटाटोप कशासाठी? उत्तर आहे बॅकलिंक.

दुसऱ्या साइटने तुमच्या पानाला दिलेली लिंक म्हणजे बॅकलिंक. १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी पेजरँक मांडला, त्याचा गाभा साधा होता: ज्या पानाकडे चांगली पानं बोट दाखवतात, ते पानही चांगलं असणार. आपल्या भाषेत सांगायचं तर लिंक म्हणजे वेबवरचा वशिला. आता गूगल इतरही बऱ्याच गोष्टी बघतं, पण वशिल्याची किंमत संपलेली नाही. दहा-अकरा वर्षं चाललेल्या साइटला जगभरातून लिंक मिळालेल्या असतात. साइट बंद पडली तरी त्या लिंक तशाच राहतात. डोमेन ज्याच्याकडे, वशिला त्याच्याकडे.

मग साइट रिकामी ठेवून चालत नाही, मजकूर लागतो. लिहायला वेळ जातो, उचलायला जात नाही. मी वेब डेव्हलपमेंट करतो म्हणून सांगतो, दुसऱ्या साइटची आरएसएस फीड वर्डप्रेसच्या प्लगइनला जोडली, की तिकडे लेख पडला रे पडला, इकडे त्याची कॉपी तयार. अशा दहा-वीस साइट उभ्या करायच्या, प्रत्येक लेखात मधेच गिऱ्हाईकाच्या साइटची लिंक घुसवायची, आणि 'बॅकलिंक पॅकेज' म्हणून विकायचं. वाचक आला काय, न आला काय, त्यांना फरक पडत नाही. ते लेख माणसांसाठी नसतातच.

ही युक्ती काही नवी नाही. पूर्वी 'आर्टिकल डिरेक्टरी' असायच्या. तिथे लेख टाकायचा, खाली आपली लिंक द्यायची, आणि कोणीही तो उचलून छापावा. जितक्या कॉपी, तितक्या लिंक. २०११ च्या पांडा अपडेटने या डिरेक्टऱ्यांना दणका दिला, २०१२ च्या पेंग्विनने बनावट लिंकवाल्यांना. मार्च २०२४ मध्ये गूगलने दोन गोष्टी नाव घेऊन स्पॅम ठरवल्या: रँकसाठी ढिगाने मजकूर पाडणं आणि वशिल्यासाठी जुनं डोमेन घेऊन त्यावर फालतू मजकूर भरणं. वरची घटना त्यानंतर चारच महिन्यांनी उघड झाली. म्हणजे नियम आला म्हणून धंदा थांबत नाही.

दुसऱ्याचा लेख पुन्हा छापणं मुळात वाईट नाही, हेही सांगायला हवं. पीटीआयच्या बातम्या कितीतरी पेपर रीतसर पैसे देऊन छापतात. 'द कॉन्व्हर्सेशन'चे लेख क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असतात. मजकूर न बदलता, लेखकाचं नाव देऊन कोणीही घ्यावेत. फरक परवानगीचा आहे. आपल्याकडे खाली 'साभार' लिहिलं की सगळं माफ, असा समज आहे. तो चूक आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सहसा परवानगी लागते, आणि कलम ५७ प्रमाणे लेखकाचा आपल्या नावावरचा हक्क हक्क विकल्यावरही राहतो.

मराठीत याचा फटका जास्त बसतो असं मला वाटतं. एकच मजकूर दोन ठिकाणी सापडला, तर गूगल त्यातलं एक पान मुख्य मानतं आणि सहसा तेवढंच दाखवतं. ते मुख्य पान मूळ लेखकाचंच असेल याची खात्री नाही. रात्री जागून गडावर किंवा पीक विम्यावर लेख लिहिणाऱ्याची साइट नवी, छोटी. कॉपी करणाऱ्याकडे जुनं वजनदार डोमेन. शोधणाऱ्याला कॉपीच वर दिसली, तर जाहिरातीचे पैसेही तिकडेच जातात.

तुम्हाला संशय आला तर लेखातलं एखादं वेगळं वाक्य अवतरण चिन्हात टाकून शोधा. साइट आधी काय होती ते वेबॅक मशीनवर दिसतं. काल केकच्या दुकानाची असलेली साइट आज कर्जावर सल्ले देत असेल, तर समजून जा.

आणि तुम्ही स्वतः लिहीत असाल तर फीडमध्ये पूर्ण लेख देऊ नका, फक्त सुरुवात द्या. आपल्याच जुन्या लेखांच्या लिंक पूर्ण पत्त्यासकट टाका; आळशी चोर त्या काढत नाहीत, त्यामुळे कॉपी वाचणारा निदान तुमच्यापर्यंत पोहोचतो. लेख चोरीला गेलाच, तर गूगलचा कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म मोफत भरता येतो. पण त्याने पान फक्त सर्चमधून जातं. साइटवरून हटवायचं असेल तर होस्टिंग कंपनीकडे वेगळी तक्रार करावी लागते.