रक्त येते म्हणून दात घासायचेच नाहीत?

हिंगणघाटच्या एका भगिनींचे पत्र ऐन फराळाच्या गडबडीत हाती पडले. मुलगा सहा वर्षांचा, त्याला हिमोफिलिया. ब्रश लावला की हिरडीतून रक्त येते, म्हणून सासूबाईंनी घासणेच बंद केले. आता नुसती चूळ. त्यातच खालचा पुढचा दात हलू लागला आहे. सणासुदीत काय करू, असे त्या विचारतात.

ताई, सासूबाईंचे भय खोटे नाही. रक्त गोठायला जे घटक लागतात, त्यांपैकी आठवा ह्या मुलांत कमी असतो, काहींत नववा. साधारण ५,००० मुलग्यांमागे एकात आठव्याची उणीव आढळते. अशा मुलाचे रक्त इतरांपेक्षा जोरात वाहते असे नव्हे. ते लवकर थांबत नाही, झिरपत राहते. त्यात तोंडात धरलेली गुठळी लवकर विरघळते.

उपाय मात्र उलटा झाला. घासले नाही की दातांच्या मुळाशी कीटण साचते, हिरडी सुजते आणि नुसत्या बोटानेही रक्त टाकते. पुढे दात किडतो, तो काढावा लागतो. म्हणजे ज्याची भीती तेच पुढ्यात! तेव्हा मऊ केसांचा लहान ब्रश आणा, वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट घ्या आणि सकाळी व रात्री निजताना हलक्या हाताने स्वतः घासून द्या. आरंभी थोडे रक्त दिसेल. हिरडी सुधारली की कमी होईल. राखुंडी, मिश्री नकोच.

हलणाऱ्या दाताला दोरा बांधून दाराला अडकवण्याची हौस आजोबांना असेल, तर त्यांना आधीच सांगून ठेवा. दात आपण होऊन पडू द्यावा. बहुधा फारसे रक्त जात नाही. गेलेच तर स्वच्छ ओल्या कापडाची घडी दहा-पंधरा मिनिटे घट्ट चावून धरायला लावा. मध्येच उचलून पाहू नका (ही खोड आपणा सर्वांनाच असते) आणि चूळ भरू देऊ नका. तरीही न थांबले तर सरळ डॉक्टर. गुठळी टिकवणारे ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड जपानच्या उताको ओकामोतो बाईंनी पतीसह १९६२ साली पुढे आणले. ते डॉक्टरांना विचारूनच द्यावे. ॲस्पिरिन मुळीच नको.

तुम्हाला फार लांबही जायला नको. सावंगी मेघे येथे दंत महाविद्यालय आहे, सेवाग्रामला १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय. दर सहा महिन्यांनी दात दाखवा, आणि आजार पहिल्याच वाक्यात सांगा. दात काढणे किंवा खालच्या जबड्यात खोलवर बधिरतेचे इंजेक्शन, ह्या गोष्टी रक्ताच्या डॉक्टरांचा सल्ला घेऊन, घटक दिल्यावरच व्हाव्यात.

फराळ द्या की! फक्त लाडू जेवणाबरोबर, दिवसभर डबा उघडा नको. आणि कडक चकली हिरडीला बोचते.

पत्राच्या शेवटी ‘माझ्यामुळेच हे झाले’ असे लिहिले आहे, ते खोडून टाका. हा दोष आईकडून येतो खरा, पण सुमारे एक तृतीयांश मुलांच्या घराण्यात पूर्वी कुणालाही तो नसतो. आणि आला, तरी त्यात तुमचा काय गुन्हा? सासूबाईंनाही हा मजकूर वाचून दाखवा. दात पडला की कळवा.