आठ तासांच्या मुक्कामातील शंभर मिनिटे

सिंगापूरहून तीन-चार रात्रींचा जहाजप्रवास करणारी व्यापारी कुटुंबे आता विरळ राहिलेली नाहीत. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत दहा-पंधरा माणसे एकत्र निघतात. दुकान कोणावर तरी सोपविलेले असते आणि सुटीचे दिवस मोजके असतात. वाटेत जहाज मलेशियातील पेनांगसारख्या बंदरात काही तास थांबते. त्या थोडक्या वेळात शहर पाहावे, खरेदी व्हावी आणि ज्याची छायाचित्रे पाहून मुलांनी हट्ट धरला ते वर्षावनही पाहावे, अशी सर्वांची इच्छा असते. बहुधा घोटाळा होतो तो येथेच. अरण्य फार दूर नसते, पैसाही अपुरा पडत नाही. चुकतो तो वेळेचा हिशेब. दुकानात पै-पैचा मेळ घालणारी माणसे बंदरावर उतरताना मात्र हा हिशेब अंदाजावर सोडून देतात.

पेनांग हे बेट अशा हिशेबासाठी चांगले उदाहरण आहे. १७८६ मध्ये फ्रान्सिस लाइट याने ईस्ट इंडिया कंपनीसाठी ते ताब्यात घेतले आणि तेथे जॉर्ज टाउन हे व्यापारी बंदर वसविले. २००८ मध्ये मलाक्का शहरासह जॉर्ज टाउनला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. जहाजे लागतात तो स्वेटनहॅम धक्का या जुन्या शहराच्या अगदी लगत आहे. शहराच्या पाठीशी उभी असलेली पेनांग टेकडी ८३३ मीटर उंच, म्हणजे जवळजवळ आपल्या माथेरानएवढी आहे. तिच्या उतारांवर खरेखुरे विषुववृत्तीय वर्षावन टिकून आहे आणि २०२१ मध्ये युनेस्कोने या परिसराला जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली. जहाजाच्या शिडीपासून तासाभराच्या मोटारप्रवासाच्या आत असे अरण्य गाठता यावे, असा योग थोड्याच बंदरांत असतो.

आधी वजाबाकी

समजा, जहाज दुपारी बाराला लागते आणि रात्री आठला सुटते. कागदावर हे आठ तास होतात. परंतु जहाज लागणे आणि प्रवासी बाहेर पडणे यांत अंतर असते. दोन-तीन हजार माणसे एकाच वेळी उतरू पाहतात. पुढे परवाना-तपासणीची रांग असते. मोठ्या कुटुंबाने यासाठी एक तास धरावा. दुसऱ्या टोकाला, सुटण्याची वेळ आणि प्रवाशांनी परत चढण्याची अखेरची वेळ या दोन भिन्न गोष्टी आहेत. ही अखेरची वेळ सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधी असते. येथे ती सात धरू. त्याहीआधी दीड तास राखीव ठेवला, तर साडेपाचला शहरात परतलेच पाहिजे. म्हणजे हाती उरले एक ते साडेपाच, अर्थात साडेचार तास, २७० मिनिटे.

आता खर्च मांडावा. धक्क्यापासून टेकडीच्या पायथ्याचे स्थानक आठ-नऊ किलोमीटरवर, एअर इतम या भागात आहे. मोटार मिळणे आणि रहदारी धरून ४० मिनिटे. तिकीट व रांग ४० मिनिटे. वर चढणे १० मिनिटे. परतीची रांग व उतरणे ४० मिनिटे. पुन्हा शहर गाठणे ४० मिनिटे. एकूण १७०. वजा जाता शिल्लक राहतात ती १०० मिनिटे. आठ तासांच्या मुक्कामात अरण्याच्या वाट्याला येते ते एवढेच, आणि हा आकडा घरी बसून आधीच कळला, तर पुढचे निर्णय सोपे होतात.

शंभर मिनिटांत वर्षावन नीट पाहता येते. परंतु वर्षावन, केक लोक सी हे प्रसिद्ध मंदिर, फुलपाखरांची बाग आणि बाजार हे सर्व त्यांत बसत नाही. यादी करताना प्रत्येकाला एकेक स्थळ द्यावे ही वडीलधाऱ्यांची समबुद्धी घरात योग्य असली, तरी बंदरात ती सर्वांनाच मोटारीत बसवून ठेवते. एक मुख्य स्थळ ठरवावे. बाकी सारे ‘वेळ उरल्यास’ या रकान्यात जावे.

या वजाबाकीला घड्याळाचीही एक जोड आहे. सिंगापूर व मलेशिया यांची वेळ एकच असली, तरी थायलंडची घड्याळे त्यांच्यामागे एक तास असतात. जहाज कोणत्या घड्याळाने चालते हे रोजच्या सूचनापत्रकात छापलेले असते. मोबाइल मात्र किनाऱ्याची वेळ आपोआप उचलतो. फुकेतसारख्या बंदरात हा एक तासाचा फरक सारी योजना उधळू शकतो. म्हणून कुटुंबातील एकाच्या मनगटावर तरी जहाजाच्या वेळेचे साधे घड्याळ असावे.

जहाज कोणासाठी थांबते

मार्च २०२४ मध्ये आफ्रिकेच्या पश्चिमेकडील साओ टोमे या बेटावर आठ प्रवासी खाजगी सहलीला गेले आणि ठरलेल्या वेळेत परतले नाहीत. जहाज निघून गेले. पुढच्या बंदरात ते गाठावे म्हणून त्यांनी अनेक देशांतून प्रवास करीत गाम्बिया गाठले. तेथे भरती-ओहोटीच्या अडचणीमुळे जहाज धक्क्याला लागूच शकले नाही. अखेर सेनेगलमधील डाकार येथे त्यांना जहाजावर चढता आले. हे वृत्त जगभर गाजले, परंतु त्यामागील नियम नवा नव्हता. जहाजाने स्वतः आयोजित केलेली सहल उशिरा परतली, तर जहाज सहसा थांबते किंवा प्रवाशांना पुढे नेण्याची व्यवस्था करते. स्वतंत्रपणे गेलेल्यांसाठी थांबण्याचे बंधन त्याच्यावर नसते, आणि मागे राहिलेल्याला पुढचा खर्च स्वतःच करावा लागतो.

म्हणूनच जहाजाची सहल महाग आणि बाहेरची स्वस्त एवढीच तुलना अपुरी आहे. जहाजाच्या सहलीच्या किमतीत विम्याचा अंश असतो. स्थळ तासाभराहून दूर असेल, वाटेत होडी किंवा घाटरस्ता असेल, बरोबर चालायला कष्ट पडणारी माणसे असतील, तर तो हप्ता भरणे शहाणपणाचे. स्थळ पेनांग टेकडीसारखे जवळ असेल, रस्ता सरळ असेल आणि राखीव वेळ मोडायची नाही असा निश्चय असेल, तर स्वतः जाण्यात स्वातंत्र्य मिळते. पन्नास जणांच्या गटात एखाद्या झाडापाशी दहा मिनिटे थांबता येत नाही. स्वतंत्र कुटुंबाला ते शक्य असते.

याच बेटाच्या वायव्य टोकाला तेलुक बहांग येथे पेनांग राष्ट्रीय उद्यान आहे. तेथील पायवाटा अरण्यातून समुद्रकिनाऱ्यापर्यंत जातात आणि त्यांची छायाचित्रे फार मोहक असतात. पण ते शहरापासून वीसहून अधिक किलोमीटरवर, वळणावळणाच्या किनारी रस्त्याने गाठावे लागते आणि पुढची पायपीट तासांत मोजावी लागते. मुक्कामी येणाऱ्यांसाठी ते उत्तम; जहाजाने येणाऱ्यांच्या हिशेबात ते बसत नाही.

टेकडीवर

टेकडीवर नेणारी फ्युनिक्युलर रेल्वे १९२३ च्या अखेरीस धावू लागली आणि १ जानेवारी १९२४ रोजी तिचे औपचारिक उद्घाटन झाले. सप्तशृंगगडावरील ट्रॉली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तारदोराने ओढल्या जाणाऱ्या डब्याची कल्पना सहज येईल. पूर्वी अर्ध्या वाटेत डबा बदलावा लागे. २०११ पासून नवी गाडी सुमारे दोन किलोमीटरचा चढ एकाच दमात पार करते. विलंब होतो तो रांगेत, आणि मलेशियातील शनिवार-रविवार व शालेय सुट्यांत ती रांग फार वाढते. जलद रांगेचे तिकीट अधिक दराने मिळते. साध्या दिवशी त्याची गरज नसते, गर्दीच्या दिवशी मात्र तेच तिकीट शंभर मिनिटे वाचविते. गाडी देखभालीसाठी बंद असण्याचे दिवसही असतात, ते निघण्यापूर्वी पाहून घ्यावेत.

वरच्या स्थानकापासून थोड्या चालीवर ‘द हॅबिटॅट’ हे राखलेले अरण्यक्षेत्र आहे. त्याची मुख्य वाट सुमारे १.६ किलोमीटरची, बहुतेक सपाट आहे. झाडांच्या शेंड्यांच्या पातळीवरून जाणारा लांब पूल आणि भोवतालचे डोंगर व समुद्र दाखविणारा गोलाकार उंच मार्ग हे तेथील दोन आकर्षणबिंदू. त्या गोल मार्गाला चार्ल्स कर्टिस या वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव आहे. टेकडीच्या पायथ्याशी १८८४ मध्ये स्थापन झालेल्या वनस्पतिउद्यानाचा तो पहिला अधीक्षक होता.

सह्याद्रीचे अरण्य चार महिने भिजते आणि आठ महिने वाट पाहते. येथे पाऊस वर्षभर येतो, म्हणून पानगळीचा असा ऋतूच नाही. उंच वृक्ष प्रकाशासाठी शर्यत लावतात, खोडांना फळ्यांसारखी आधारमुळे फुटतात, वेली शेंड्यापर्यंत चढतात आणि जमिनीवर दुपारीही सावली असते. डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पांढरी वलये असलेली करडी माकडे फांद्यांवर शांतपणे पाने खात बसलेली दिसतात. त्यांची नवजात पिल्ले मात्र नारिंगी रंगाची असतात. काळी मोठी खार झाडावरून धावते. घटपर्णीच्या पानांचे पेले कीटकांची वाट पाहत लटकतात. हे सारे चालत्या माणसाला क्वचितच दिसते. पाच-सहा जणांनी एका जागी दहा मिनिटे मौन धरले, तर अरण्य पुन्हा आपल्या व्यवहाराला लागते आणि मुलांनाच ते आधी दिसू लागते. शंभरांपैकी वीस मिनिटे अशी नुसती थांबण्यासाठी मुद्दाम काढून ठेवावीत. वाटेवर मुंग्यांच्या रांगा सतत आडव्या येतात. खाली पाहून पाऊल टाकणे हे येथे सुरक्षिततेचेही आहे आणि दयेचेही. माकडांना खाऊ देऊ नये व त्यांच्यासमोर पिशवी उघडू नये. खाण्याच्या वस्तू हिसकावण्यात ती फार चपळ असतात.

माणसे, अन्न आणि पाऊस

सर्वांनी सर्व काही पाहिलेच पाहिजे असे नाही. गुडघे दुखणाऱ्या आजी वरच्या स्थानकाच्या परिसरात बसून समुद्र आणि शहर पाहू शकतात. फिरण्यासाठी तेथे बग्गीही मिळते. त्यांच्याजवळ एकाने थांबावे, भेटीची वेळ व जागा आधीच ठरवावी. आजींच्या गतीने तरुणांना ओढणे आणि तरुणांच्या गतीने आजींना पळविणे, दोन्हींत सहलीचा आनंद संपतो.

अन्नाचा प्रश्न जैन कुटुंबांना विशेष. अनेक जहाजांवर आगाऊ कळविल्यास जैन भोजन मिळते. ते आरक्षणाच्या वेळीच नोंदवावे आणि चढल्यावर पुन्हा सांगावे. ताजी फळे जहाजातून किनाऱ्यावर नेण्यास बहुधा मनाई असते, म्हणून बंद पाकिटातील खाकरा किंवा कोरडा खाऊ सोबत ठेवावा. पेनांगमध्ये सूर्यास्त वर्षभर साधारण सात ते पावणेआठच्या दरम्यान होतो. दिवाळीच्या सुमारास सातच्या आसपास. वरच्या हिशेबाप्रमाणे साडेपाचला शहरात परतलेले कुटुंब सहाच्या सुमारास जहाजावर असते आणि सूर्यास्तापूर्वी शांतपणे जेवू शकते. राखलेला दीड तास वाया गेला असे ज्यांना वाटते, त्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. वाहतूक तुंबली तर तोच तास कुटुंबाला वाचवितो, न तुंबली तर भोजन आणि विश्रांती देतो. वेळ उरलाच, तर धक्क्यापासून चालत जाता येणारी लिटल इंडियाची बाजारपेठ आहेच. दूरचे आधी पाहावे आणि जवळचे शेवटी, म्हणजे दिवस सरताना पावले जहाजाकडेच वळलेली राहतात.

पाऊस हा मात्र कोणाच्या वहीत न बसणारा खर्च. पेनांगमध्ये सप्टेंबर-ऑक्टोबर हे अधिक पावसाचे आणि जानेवारी-फेब्रुवारी हे कोरडे महिने. दिवाळीच्या सुटीत जाणाऱ्यांनी सरींची तयारी ठेवावी. विजा चमकत असतील तर उंच पुलांवर सोडत नाहीत. अशा वेळी पायथ्याचे वनस्पतिउद्यान हा चांगला पर्याय आहे. तेथे गाडीची रांग नाही आणि मोठे वृक्ष, माकडे, झऱ्याचा आवाज हे सारे आहे. हा दुसरा बेत घरीच ठरलेला असावा. भर पावसात स्थानकाच्या दारात पंधरा जणांची सभा भरली, की शंभर मिनिटे तेथेच संपतात.

खिशात जहाजाचे कार्ड, पारपत्राची छायाप्रत, सूचनापत्रकावरील बंदर-प्रतिनिधीचा दूरध्वनी आणि ज्यांना रोजची औषधे लागतात त्यांची दोन दिवसांची मात्रा असावी. पारपत्र जहाजाकडे राहते की स्वतःजवळ, हे उतरण्यापूर्वी विचारून घ्यावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, परत फिरण्याची वेळ कोण सांगणार हे ठरवावे. ते काम घरातील सर्वांत वडील व्यक्तीचे असेलच असे नाही; घड्याळ पाळणारी एखादी सून किंवा महाविद्यालयात जाणारी मुलगीही ते करू शकते. परंतु तिने ‘आता निघायचे’ म्हटले, की ‘आणखी पाचच मिनिटे’ असे आजोबांनीही म्हणू नये. हा शब्द घरातून निघतानाच एकमेकांना दिलेला असला, तर त्या शंभर मिनिटांत कोणालाच पुन्हा पुन्हा घड्याळाकडे पाहावे लागत नाही.