नखाएवढ्या घटाचा विक्रम पुरेसा नाही

सौरऊर्जेच्या बातम्यांत अलीकडे ‘पेरोव्स्काइट’ हे नाव वारंवार येते आणि सोबत टक्केवारीचा एखादा नवा विक्रम असतो. २००९ मध्ये जपानमधील टोइन विद्यापीठात त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने या पदार्थाचा सौरघट केला, तेव्हा पडणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम ३.८ टक्के ऊर्जेची वीज होत होती. आज प्रयोगशाळेतील घट २६ टक्क्यांच्या पुढे गेले आहेत. सिलिकॉनवर पेरोव्स्काइटचा थर चढवलेल्या जोडघटाने तर चीनमधील लाँगी कंपनीत ३४ टक्क्यांचा टप्पा ओलांडला आहे. ही प्रगती कौतुकास्पदच. मात्र असे विक्रम बहुधा एक चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून लहान तुकड्यावर झालेले असतात, हे मथळ्यात येत नाही. छपरावरचे पॅनेल दोन चौरस मीटरच्या आसपास असते, म्हणजे वीस हजार पट मोठे. खरी कसोटी या अंतरात आहे.

पेरोव्स्काइटचे आकर्षण त्याच्या साधेपणात आहे. सिलिकॉन वितळवायला १४०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागते. पेरोव्स्काइटची रसायने द्रावणात विरघळवून शाईसारखी काचेवर पसरता येतात आणि १०० ते १५० अंशांवर तापवली की स्फटिकांचा थर तयार होतो. हा थर जेमतेम अर्ध्या मायक्रॉनचा, केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहून पातळ असतो.

प्रयोगशाळेत हे काम काचेचा तुकडा गरगर फिरवून केले जाते. मध्यभागी थेंब टाकला की द्रावण चहूकडे सारखे पसरते. त्यातले बहुतेक द्रावण मात्र कडेने उडून वाया जाते आणि मोठ्या काचेवर कडेला थर बिघडतो. कारखान्यात ही रीत चालत नाही. तिथे पात्याने द्रावण ओढणे, अरुंद फटीतून त्याचा पडदा सोडणे, शाईच्या छपाईसारखे थेंब मारणे किंवा निर्वातात वाफ बसवणे असे मार्ग वापरावे लागतात. प्रत्येक मार्गात अवघड भाग सुकण्याचा असतो. स्फटिक नेमक्या क्षणी, सगळीकडे एकाच वेळी धरावे लागतात. एक घावन जाळीदार उतरवणे वेगळे आणि पंगतीला शेकडो घावने एकसारखी वाढणे वेगळे, तसेच हे आहे. फरक इतकाच की इथे थराला बारीक छिद्र पडले तर वीज तिथूनच गळते. शिवाय मोठा थर लेझरने पट्ट्यांत कापून जोडावा लागतो आणि त्या रेषांवर वीज तयार होत नाही.

परिणाम आकड्यांत दिसतो. ऑक्सफर्ड पीव्ही या कंपनीने जर्मनीतील ब्रान्डनबुर्ग येथील कारखान्यात बनवलेली जोडघटांची पॅनेल २०२४ मध्ये अमेरिकेतील ग्राहकाला पाठवली. त्यांची कार्यक्षमता २४.५ टक्के होती. प्रयोगशाळेतील ३४ टक्क्यांच्या तुलनेत हा आकडा किरकोळ वाटेल, पण बाजारात उतरल्यामुळे त्याचे मोल अधिक आहे.

टिकाऊपणाचा प्रश्नही उत्पादनाशीच जोडलेला आहे. सिलिकॉनच्या पॅनेलला पंचवीस वर्षांची हमी मिळते. पेरोव्स्काइटला ओल आणि उष्णता सोसत नाही, म्हणून पॅनेलची कड पक्की बंद करणे थर पसरवण्याइतकेच महत्त्वाचे ठरते. आंतरराष्ट्रीय चाचणीत पॅनेल ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत हजार तास ठेवतात. कोकणातला पावसाळा आणि विदर्भातला मे महिना ही आणखी कडक परीक्षा आहे आणि ती इथेच घेता येईल.

सिलिकॉन इतके स्वस्त झाले असताना ही खटपट कशाला, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. परंतु एकट्या सिलिकॉनची सैद्धांतिक मर्यादा सुमारे २९ टक्के आहे. मुंबई-पुण्यातील सोसायट्यांच्या गच्चीवर जागाच मोजकी असते, तिथे त्याच जागेत जास्त वीज देणारा जोडघट उपयोगी पडेल.

दुसरा युक्तिवाद असा की तंत्र पक्के झाल्यावर विकत घ्यावे. सिलिकॉनच्या बाबतीत जगाने हेच केले आणि पॅनेल उत्पादनाच्या प्रत्येक टप्प्यावर चीनचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक झाला. भारतात पॅनेल जोडण्याचे कारखाने वाढले, पण सिलिकॉनच्या चकत्यांसाठी आजही चीनकडे पाहावे लागते.

भारतात संशोधनाची वानवा नाही. आयआयटी मुंबईत २०१० पासून सौरघटांचे राष्ट्रीय केंद्र आहे आणि तिथे जोडघटांवर उत्तम काम झाले आहे. प्रयोगशाळा आणि कारखाना यांच्यामधली पायरी मात्र भक्कम करावी लागेल. त्यासाठी सरकारी निधीचा मोठा वाटा छोट्या प्रायोगिक उत्पादन रेषांना मिळावा, जिथे संशोधक आणि उद्योग मोठ्या काचेवर एकत्र काम करतील. निधी मागताना केवळ टक्केवारी न सांगता घटाचे क्षेत्रफळ, शंभरांपैकी किती घट चांगले निघाले आणि उन्हात किती तास टिकले, हे सांगणे बंधनकारक करावे. या घटांत पाण्यात विरघळणारे शिशाचे संयुगही असते. फुटलेली व जुनी पॅनेल परत घेण्याची व्यवस्था विक्रीपूर्वीच ठरलेली हवी. सौर पॅनेलना लागू झालेले ई-कचरा नियम त्यासाठी आधार देतात.

ही पायरी आत्ता बांधली नाही, तर विक्रम इथल्या प्रयोगशाळांत होत राहतील आणि पॅनेल मात्र पुन्हा बंदरावरच उतरवून घ्यावी लागतील.